मंद चालणारा लॅपटॉप व वारंवार बंद पडणारा ब्राउझर
(कोलाड परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



प्राथमिक शाळेच्या टेबलावर पूर्वी हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर आणि कीर्द एवढी पुस्तके असत. ही पुस्तके आजही आहेत. परंतु त्यांच्या जोडीस आता लॅपटॉप येऊन बसला आहे. 2015 साली महाराष्ट्रात 'सरल' ही संगणकीय प्रणाली सुरू झाली आणि विद्यार्थ्यांची माहिती संकेतस्थळावर भरण्याचे काम शाळेकडे आले. पुढे यू-डायस प्लस या राष्ट्रीय प्रणालीत 2022-23 या वर्षापासून शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. तेव्हापासून लॅपटॉप ही शाळेची शोभेची वस्तू राहिलेली नाही. ती शाळेची नोंदवही झाली आहे. नोंदवहीची पाने उलटेनाशी झाली तर जी अडचण व्हावी, तीच अडचण मंद लॅपटॉपाने होते.

ही अडचण किती खरी आहे हे रोहे व सुधागड तालुक्यांतील शिक्षकांस सांगावयास नको. येथील कातकरी वाड्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या व कोळशाच्या कामासाठी बाहेरगावी जातात. जाण्याच्या आदल्या दिवशी एखादी आई मुलीचे आधारपत्र घेऊन शाळेच्या दारात उभी राहते. त्याच वेळी पडद्यावरील वर्तुळ फिरत राहिले, ब्राउझर बंद पडला आणि भरलेला अर्ज नाहीसा झाला, तर ती आई दुसऱ्या दिवशी येईलच असे नाही. मुलीचे नाव नोंदीबाहेर राहिले की पुढच्या गावची शाळा तिला शोधू शकत नाही. दुसरी हानी याहून नित्याची आहे. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक लॅपटॉपपुढे अडकला की चारही वर्ग एकट्या दुसऱ्या शिक्षकावर पडतात. म्हणून या यंत्राचे दुखणे ओळखणे हा मुलांचा वेळ मुलांस परत देण्याचा मार्ग आहे.

लॅपटॉप मंद झाला की सामान्यतः दोन गोष्टी घडतात. कोणी "नेट नाही" असे म्हणून उठतो, तर कोणी "मशीनच जुने झाले" असे म्हणून नव्याची मागणी लिहावयास घेतो. दोन्ही निष्कर्ष कधीकधी बरोबर असतात. परंतु ते तपासणीवाचून काढलेले असतात. शिक्षक वर्गात विज्ञान शिकवितो तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा असे सांगतो. लॅपटॉपच्या बाबतीतही हाच नियम पाळावयाचा आहे. दोष कोठे आहे हे आधी ठरवावे, उपाय नंतर करावा.

कोलाडला कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. पावसाळा सरल्यावर नदीला जे पाणी वाहते, ते मुख्यतः भिरा येथील वीजगृहातून सोडलेले असते. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिरा येथे येते, तेथे वीज निर्माण होते आणि मग ते पाणी कुंडलिकेत पडते. कोलाडला नदीचे पाणी उतरलेले दिसले तर कोलाडच्या पात्रात कारण शोधून भागत नाही. वर पाणी सुटले की नाही हे पाहावे लागते. संकेतस्थळाचे तसेच आहे. दोष तीन ठिकाणी असू शकतो : आपल्या यंत्रात, मधल्या मार्गात म्हणजे इंटरनेटच्या जोडणीत, अथवा पलीकडच्या सर्व्हरमध्ये.

या तिन्हींची निवड करण्यास पाच मिनिटे पुरतात. प्रथम इंटरनेट बंद करावे आणि एखादी जुनी लेखी फाइल उघडून त्यात चार ओळी टंकाव्या. अक्षरे बोटांमागून रेंगाळत उमटली, फाइल उघडावयासच दोन मिनिटे लागली, तर दोष यंत्रात आहे. इंटरनेटचा येथे संबंधच नाही. हे काम सुरळीत झाले तर इंटरनेट जोडून दोन-तीन निरनिराळी संकेतस्थळे उघडावी. सर्वच रेंगाळली तर मार्गात दोष आहे. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन पाहावा. इतर सर्व संकेतस्थळे उघडतात आणि एकच अडते, तेच संकेतस्थळ मोबाइलवरही अडते, तर दोष बहुधा पलीकडे आहे. भरण्याच्या अंतिम दिवशी राज्यातील असंख्य शाळा एकाच दारात उभ्या असतात, तेव्हा लॅपटॉप कितीही चांगला असला तरी दार अरुंदच राहते. त्यावर उपाय यंत्राचा नव्हे, वेळापत्रकाचा आहे : काम मुदतीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी लवकर करावे.

येथे एका फसव्या दोषाचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. मे महिन्याच्या सुटीनंतर जूनच्या मध्यास शाळा उघडते, लॅपटॉप सुरू होतो, परंतु कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. "जोडणी सुरक्षित नाही" अशा अर्थाची सूचना येते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. लॅपटॉपच्या आत घड्याळ चालू ठेवणारी बटनासारखी लहान बॅटरी असते. ती संपली आणि मुख्य बॅटरीही उतरली, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्रास ठराविक मुदत असते आणि मागे गेलेल्या घड्याळास ते प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही असे दिसते. तारीख व वेळ दुरुस्त करताच संकेतस्थळ उघडते. दर वेळी तारीख मागे जात असेल तर ती लहान बॅटरी बदलून घ्यावी.

आता यंत्रातील दोषाकडे वळू. लॅपटॉपमध्ये रॅम आणि डिस्क अशा दोन निराळ्या जागा असतात. रॅम म्हणजे शिक्षकाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कार्यालयातील कपाट. कपाटात वीस वर्षांची दप्तरे मावतात. पण काम करावयाचे ते टेबलावरच. टेबल भरले की एक रजिस्टर कपाटात ठेवावे लागते, तेव्हा दुसरे काढता येते. रॅम भरली की संगणकही हेच करतो. रॅममधील मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. या ये-जा करण्याची किंमत मोठी आहे. रॅममधील नोंद मिळावयास सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात. जुन्या पद्धतीच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून ती शोधावयास सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. हे अंतर लाखपटीचे आहे. टेबलावरील कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर कपाटातील कागद आणावयास एक दिवसाहून अधिक वेळ लागेल! पडद्यावरील वर्तुळ फिरत राहते त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आपल्या लॅपटॉपचे टेबल भरले आहे की नाही, हे पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटने एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज 10 व 11 मध्ये तेथे सीपीयू, मेमरी व डिस्क असे रकाने टक्केवारीसह दिसतात. लॅपटॉप मंद झालेला असताना हे तीन आकडे वहीत उतरून घ्यावे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर टेबल भरले आहे. काहीही काम चालू नसता डिस्क दीर्घकाळ शंभर टक्क्यांवर असेल, तर एकतर मागे अद्यतनाचे अथवा विषाणू-तपासणीचे काम चालू आहे, किंवा डिस्क थकली आहे. सीपीयूचा आकडा चढलेला असेल तर कोणता कार्यक्रम तो खातो हे त्याच यादीत वरच दिसते.

मेमरी भरली असेल तर उपाय सोपे आहेत. यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या भागात दिसतात. त्यांतील अनावश्यक असतील ते बंद ठेवावे. दोन अँटिव्हायरस एकाच यंत्रात ठेवू नयेत. दोन पहारेकरी एकमेकांसच अडवीत बसतात. ज्या लॅपटॉपमध्ये चार जीबी रॅम आहे, त्यात बराचसा भाग विंडोज स्वतःसाठीच घेते. अशा यंत्रावर माहिती भरताना दोनच टॅब उघडे असावे, एक संकेतस्थळाचा व दुसरा आवश्यक असल्यासच. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला नसावा. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ व व्हॉट्सॲपवरून आलेली छायाचित्रे वेगळ्या पेनड्राइव्हवर अथवा बाहेरच्या डिस्कवर हलवावी.

जुनी फिरती डिस्क असलेल्या लॅपटॉपला एक उपाय विशेष गुणकारी आहे. ती डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली की यंत्र सुरू होण्याचा व फाइल उघडण्याचा वेळ ठळकपणे कमी होतो, कारण एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. रॅम वाढविण्याची जागा असेल तर तीही वाढवावी. नवीन लॅपटॉपची मागणी करण्यापूर्वी हा पर्याय तंत्रज्ञास विचारावा, अनुदानाच्या नियमांत बसतो का ते पाहावे, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा आणि झालेला बदल डेडस्टॉक रजिस्टरात नोंदवावा. मात्र जुनी डिस्क टकटक आवाज करीत असेल अथवा फाइली उघडताना दोष दाखवीत असेल, तर प्रथम सर्व माहितीची प्रत दुसरीकडे काढावी. दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा.

यंत्र सकाळी चांगले चालते आणि अर्ध्या तासाने मंदावते, अशी तक्रार असेल तर उष्णता हे कारण तपासावे. प्रोसेसर फार तापला की स्वतःस वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. त्याहून तापला तर यंत्र एकदम बंद होते. उन्हाळ्यात महामार्गालगतच्या शाळांत धूळ येते आणि पावसाळ्यात भिंती ओलावतात. धुळीने पंख्याची जाळी भरते व ओलीने ती धूळ तेथेच चिकटते. लॅपटॉप गादीवर, मांडीवरील कापडावर अथवा दप्तरांच्या ढिगावर ठेवून चालवू नये. कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. वर्षातून एकदा पंखा तंत्रज्ञाकडून साफ करून घ्यावा.

आता ब्राउझर बंद पडण्याचा विचार करू. "बंद पडला" या एका शब्दाखाली तीन निराळ्या घटना मोडतात आणि त्यांची कारणेही निराळी आहेत.

पहिली घटना अशी की एकच टॅब कोसळतो आणि बाकीचे टॅब चालू राहतात. 2008 साली गूगल क्रोम निघाला तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की टॅब सामान्यतः स्वतंत्र खोल्यांत चालावे. एका खोलीचे छत पडले तरी दुसरीस धक्का लागू नये. अशा वेळी बहुधा मेमरी अपुरी असते किंवा ते पानच जड असते. इतर टॅब बंद करून ते पान पुन्हा उघडावे.

दुसरी घटना अशी की संपूर्ण ब्राउझर नाहीसा होतो, पण विंडोज चालू राहते. येथे संशय ब्राउझरवर घ्यावा आणि पायरीपायरीने जावे. प्रथम तेच संकेतस्थळ इन्कॉग्निटो खिडकीत उघडावे. त्या खिडकीत ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शने, मुद्दाम परवानगी दिल्यावाचून, चालत नाहीत. तेथे काम सुरळीत झाले तर एखादे एक्स्टेन्शन दोषी असण्याचा संभव मोठा. सर्व बंद करून एकेक सुरू करीत जावे म्हणजे दोषी सापडते. नंतर ब्राउझरच्या मदत-विभागात जाऊन आवृत्ती अद्ययावत आहे की नाही हे पाहावे. त्यानंतर साठलेली कॅशे पुसावी. पुसताना पासवर्डच्या चौकटीवर खूण नाही याची खात्री करावी. तरीही दोष राहिला तर सेटिंगमधील ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद करून पाहावे. जुन्या लॅपटॉपच्या चित्रप्रणालीशी त्याचे कधीकधी जमत नाही. शेवटी दुसरा ब्राउझर, उदाहरणार्थ फायरफॉक्स किंवा एज, वापरून पाहावा. दुसऱ्यात सर्व ठीक चालले तर यंत्र निर्दोष ठरते.

तिसरी घटना अशी की ब्राउझरबरोबर सारा लॅपटॉपच बंद पडतो, निळा पडदा येतो अथवा यंत्र पुन्हा सुरू होते. येथे ब्राउझरला दोष देऊ नये. उष्णता, थकलेली बॅटरी, सैल चार्जर अथवा सदोष रॅम यांपैकी कारण असू शकते. रॅम तपासण्याचे साधन विंडोजमध्ये असते. ते चालविण्यास वेळ लागतो, म्हणून शाळा सुटल्यावर चालवावे.

या सर्वांखेरीज एक कारण असे आहे की ज्यात कोणाचीही चूक नाही. विंडोज 7 ला निर्मात्यांकडून मिळणारा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला आणि 2023 च्या फेब्रुवारीपासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज 7 व 8.1 वर येणे बंद झाले. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यानंतर केवळ मर्यादित मुदतीची विस्तारित सुरक्षा-योजना उरली. विंडोज 11 साठी किमान चार जीबी रॅम, 64 जीबी साठवण व टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा असावा लागतो. म्हणजे 2012 च्या सुमारास मिळालेला लॅपटॉप बिघडलेला नसूनही नव्या संकेतस्थळांपुढे थकतो. अशा यंत्रास लिनक्स ही हलकी व विनामूल्य प्रणाली पुनर्जन्म देऊ शकते. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्सवर आधारित प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि भारतीय भाषांचा विचार करून बनविलेली 'बॉस' नावाची प्रणाली सीडॅकने तयार केली आहे. ती प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मराठी टंकलेखन, छपाईयंत्र व आवश्यक संकेतस्थळे चालतात याची खात्री झाल्यावरच पुढील निर्णय घ्यावा.

दोष काढताना नवा दोष ओढवून घेऊ नये, यासाठी काही पथ्ये आहेत. "आपला संगणक दूषित झाला आहे, येथे दाबा" अशा सूचना ब्राउझरच्या कोपऱ्यात येतात. त्या बहुधा फसव्या असतात. यंत्र वेगवान करण्याचे आश्वासन देणारे फुकटचे कार्यक्रम भरू नयेत. फोनवरून कोणी दूरस्थ ताबा मागितल्यास देऊ नये. सायबर कॅफेत काम करावे लागले तर पासवर्ड तेथे जतन करू नये आणि मुलांची उतरविलेली यादी त्या संगणकावर मागे ठेवू नये. मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक व पालकांचा मोबाइल क्रमांक ही शिक्षकाकडे विश्वासाने आलेली ठेव आहे.

दुसरे पथ्य प्रतीचे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यातील अनेक शाळांची छपरे उडाली आणि कित्येक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. पत्र्याखाली, जमिनीलगत ठेवलेल्या यंत्राचे अशा वेळी काय होते हे निराळे सांगण्याचे कारण नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत शाळेबाहेर सुरक्षित असावी आणि जूनपूर्वी लॅपटॉप प्लास्टिकच्या आवरणात, भिंतीपासून दूर, उंचावर ठेवावा. वादळी पावसात चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. वीज एकदम गेल्याने चालू फाइल खराब होते, तो धोकाही चालू स्थितीतील बॅटरीने टळतो.

तिसरे पथ्य अर्ज भरण्याचे. विद्यार्थ्याचे नाव आधारपत्रावर जसे आहे तसे आधी वहीत उतरवावे व मगच संकेतस्थळ उघडावे; म्हणजे ब्राउझर पडला तरी माहिती पडत नाही. प्रत्येक पान भरताच जतन करावे. जतन होण्यास वेळ लागला म्हणून तेच बटन पुनःपुन्हा दाबू नये. एकच नोंद दोनदा होण्याची भीती असते. शेवटची पोच फाइलरूपाने साठवून तिची छापील प्रत लावावी.

सारांश असा :

1. दोष यंत्रात, मार्गात की पलीकडे, हे इंटरनेट बंद करून व मोबाइलवर ताडून ठरवावे.
2. तारीख व वेळ बरोबर आहे का ते पाहावे.
3. मंदपणा असताना सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे आकडे वहीत लिहावे.
4. टॅब पडला, ब्राउझर पडला की सारे यंत्र पडले, यांत भेद करावा.
5. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम नोंदवावा.
6. प्रत काढल्यावाचून कोणतीही मोठी दुरुस्ती करू नये.

यासाठी प्रत्येक शाळेने लॅपटॉपची एक साधी वही ठेवावी. तारीख, लक्षण, केलेला उपाय व परिणाम असे चार रकाने पुरेत. तंत्रज्ञाकडे जाताना "चालत नाही" एवढेच सांगण्याऐवजी ही वही पुढे केली तर त्याचा वेळ व शाळेचा पैसा दोन्ही वाचतात. केंद्राच्या बैठकीत दहा शाळांच्या वह्या एकत्र वाचल्या गेल्या तर एका शाळेने शोधलेला उपाय नऊ शाळांस आयताच मिळेल.

चौथी-पाचवीच्या मुलांनाही या कामात सहभागी करून घेता येईल. मुलांची माहिती उघडी नसताना, तीन आकडे फळ्यावर लिहून कारण कोणते असावे हे त्यांस ओळखावयास लावावे. अंदाज करणे, तपासणे आणि अंदाज चुकल्यास तो सोडून देणे, हे विज्ञानाचे सारे शिक्षण त्या अर्ध्या तासात होते. यंत्रे येतील व जुनी होतील. कारण शोधल्यावाचून निकाल द्यावयाचा नाही ही सवय मात्र मुलांस जन्मभर पुरेल. आणि बाहेरगावी निघालेल्या आईच्या मुलीचे नाव त्याच दिवशी नोंदले जाईल, हे तिचे रोकडे फळ आहे.